पाहुण्यांना मुंबई कोण दाखवणार?

डिसेंबर जवळ आला की वर्सोव्याच्या आपल्या घराघरांतून पाहुण्यांची वाट पाहिली जाते. कोणाची आत्या नांदेडहून निघालेली असते, कोणाचे साडू बुलढाण्याहून, तर कोणाच्या गावची चार म्हातारी माणसे आयुष्यात पहिल्यांदा आगगाडीत बसलेली असतात. चैत्यभूमीला वंदन करायचे, हा त्यांचा पहिला हेतू. पण एवढ्या लांब येऊन मुंबई न पाहता परत कसे जायचे, ही इच्छाही मनात असतेच. मे महिन्याच्या सुट्टीत आणि लग्नसराईतही असेच पाहुणे येतात. एका खोलीत दाटीवाटीने अंथरुणे पडतात, घर भरून जाते, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिता पिता प्रश्न उभा राहतो : यांना मुंबई कोण दाखवणार?

प्रश्न दिसायला साधा आहे, पण आपल्या घरात तो पोटापाण्याशी जोडलेला आहे. घरधनी रोजंदारीवर, घरधनीण चार बंगल्याच्या इमारतींत धुण्याभांड्याला. खाडा केला की पैसे कापले जातात. दोन खाडे लागोपाठ झाले तर काम जाण्याची धास्ती. पाहुण्यांना हे कळत नाही असे नाही. "आमच्यासाठी खाडा करू नका, आम्ही बसतो घरीच," असे म्हणून ती माणसे खरोखरच घरी बसतात. चैत्यभूमीचे दर्शन होते आणि बाकीचे तीन दिवस भिंतीकडे बघत जातात. हाकेच्या अंतरावरचा समुद्रसुद्धा काहींनी नीट पाहिलेला नसतो. पाहुण्याला संकोच आणि यजमानाला रुखरुख, असा हा पाहुणचार होतो.

यावर अलीकडे एक तोड सांगितली जाते. दहा-बारा माणसांचा लहान गट, बरोबर माहिती सांगणारा गाईड, अर्ध्या किंवा एका दिवसाची सहल. माणशी पैसे भरायचे आणि पाहुण्यांना पाठवून द्यायचे. आपल्या पहिल्यांदा आलेल्या माणसांना अशी सहल मानवेल का, याचा विचार आम्ही या लेखात करणार आहोत.

मोठी बस आणि लहान गट

'मुंबई दर्शन'ची मोठी बस आपल्या ओळखीची आहे. सकाळी भरायची, चाळीस-पन्नास माणसे, गेटवे, हँगिंग गार्डन, जुहू आणि वाटेत नटनट्यांचे बंगले. राज्याच्या पर्यटन महामंडळाची मोकळ्या छपराची दुमजली 'नीलांबरी'ही अनेकांना आठवत असेल. त्या जुन्या उघड्या गाड्या ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून निघाल्या. मोठ्या बसचा फायदा असा की पाय दुखत नाहीत आणि थोड्या पैशांत पुष्कळ ठिकाणे होतात. तोटा असा की पाहणे कमी आणि चढणे-उतरणे जास्त. "पंधरा मिनिटांत परत या," एवढे सांगून सोडतात. गावाकडची म्हातारी घाबरून बसमधून खाली उतरतच नाही. काही विचारावे तर पन्नास माणसांत गाईडचे लक्ष कोणाकोणाकडे जाणार?

लहान गटात हे बदलते. दहा-बारा माणसे असली की गाईडला प्रत्येकाचा चेहरा ओळखीचा होतो. कोण मागे राहिले ते लगेच समजते. आवाज ऐकू येतो. "हे कोणी बांधले? दगड कुठून आणला? इथे आत जाता येते का?" असे विचारायला लाज वाटत नाही. रस्ता कुठे ओलांडायचा, शौचालय कुठे आहे, प्यायचे पाणी कुठे मिळेल, हे गाईडला ठाऊक असते. पहिल्यांदा आलेल्या माणसाची खरी भीती हरवण्याची असते, आणि ती भीती लहान गटात बरीच कमी होते. भीती गेली तरच डोळे उघडून पाहता येते. म्हणून लहान गट ही कल्पना चांगलीच आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

पण कल्पना चांगली म्हणून विकत मिळणारी प्रत्येक सहल आपल्या माणसांना सोयीची होते असे नाही.

वर्सोव्याहून तिथे नेणार कोण?

पहिली अडचण अंतराची. मुंबईतल्या बहुतेक पायी सहली दक्षिण टोकाला, फोर्ट-कुलाबा भागात सुरू होतात. वेळ सकाळी आठ-नऊची. वर्सोवा गावातून रिक्षाने किंवा बेस्टच्या बसने अंधेरी स्टेशन, तिथून चर्चगेटची लोकल. तीही नेमकी कामावर जाणाऱ्यांच्या गर्दीची. पहिल्यांदा मुंबईत आलेल्या माणसाला अंधेरीच्या त्या फलाटावर एकटे सोडता येईल का? मुळीच नाही. म्हणजे सहलीचे पैसे भरूनही घरातल्या कोणाला तरी त्यांना सोडायला आणि परत आणायला जावेच लागते. जो खाडा वाचवायचा म्हणून पैसे भरले, तो अर्धा खाडा शिल्लक राहतोच. जाहिरातीत हा खर्च कधी लिहिलेला नसतो. तो आपण आधी मोजला पाहिजे.

आता एक सोय मात्र झाली आहे. वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर ही मुंबईतली पहिली मेट्रो ८ जून २०१४ रोजी सुरू झाली. तिचे वर्सोवा स्थानक गावात नाही, सात बंगल्याजवळ आहे. तिथपर्यंत रिक्षा किंवा बस करावी लागते. पुढे मरोळ नाक्याला उतरून भुयारी मेट्रो पकडता येते. ही भुयारी मेट्रो ऑक्टोबर २०२५ पासून कफ परेडपर्यंत जाते आणि वाटेत छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, हुतात्मा चौक, चर्चगेट ही स्थानके लागतात. लोकलपेक्षा भाडे जास्त पडते, पण धक्काबुक्की नाही, लिफ्ट आहे, सरकते जिने आहेत. म्हातारी माणसे आणि लहान मुले बरोबर असतील तर जाताना मेट्रो आणि येताना दुपारची रिकामी लोकल, असे करावे.

लोकलने गेलात तर एक काळजी घ्या. बायका बायकांच्या डब्यात आणि पुरुष दुसरीकडे असे चढलात, तर कोणत्या स्टेशनला उतरायचे आणि कुठे थांबायचे हे आधी दोनदा सांगून ठेवा. प्रत्येक पाहुण्याच्या खिशात किंवा पदराच्या गाठीत घरचा पत्ता आणि दोन फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी असू द्या. मोबाईलची बॅटरी संपते, चिठ्ठी कामाला येते.

गाईड काय सांगतो, काय सोडतो

दुसरी गोष्ट अंतराहून महत्त्वाची. मुंबईची गोष्ट गाईड कोणत्या भाषेत आणि कोणाच्या बाजूने सांगणार?

फोर्टमधल्या पायी सहलींचा रस्ता बहुधा ठरलेला असतो. १८८८ मध्ये पूर्ण झालेले टर्मिनस, हुतात्मा चौक, उच्च न्यायालय, विद्यापीठाचा राजाबाई टॉवर, काळा घोडा आणि शेवटी ४ डिसेंबर १९२४ रोजी खुले झालेले गेटवे ऑफ इंडिया. चालणे दोन-अडीच किलोमीटर. इमारती देखण्या आहेत, पाहाव्यात अशाच आहेत. पण पुष्कळ सहली इंग्रजीत असतात, काही हिंदीत. आपल्या आजीला कमानी आणि घुमट यांची इंग्रजी वर्णने ऐकवून काय मिळणार? पैसे भरण्यापूर्वी "मराठीत सांगणार का?" हा पहिला प्रश्न विचारा. उत्तर गुळमुळीत आले तर पुढे जाऊ नका.

आता याच रस्त्यावर आपल्या माणसांना जे ऐकायला आवडेल ते पाहू. टर्मिनसकडून हुतात्मा चौकाकडे जाणाऱ्या दादाभाई नौरोजी रस्त्यावर सिद्धार्थ महाविद्यालय आहे. बाबासाहेबांनी १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली आणि २० जून १९४६ रोजी हे महाविद्यालय सुरू केले. दिवसा नोकरी करणाऱ्या पोरांना शिकता यावे म्हणून सकाळचे वर्ग हे त्याचे वैशिष्ट्य. आनंद भवन आणि बुद्ध भवन या त्याच्या इमारती. पुढे उच्च न्यायालय, जिथे बाबासाहेबांनी १९२३ पासून वकिली केली. काळा घोड्याला एल्फिन्स्टन महाविद्यालय, जिथे ते बी.ए.पर्यंत शिकले. म्हणजे गाईड ज्या फुटपाथवरून गट नेतो, तो बाबासाहेबांच्या पायाखालचा फुटपाथ. सांगणारा हे सांगत नसेल तर आपल्या पाहुण्याने इमारती पाहिल्या, पण त्यांच्याशी आपला काय संबंध हे त्याला कळलेच नाही.

सगळे गाईड हे मुद्दाम टाळतात असे आम्ही म्हणत नाही. बहुतेकांना कोणी विचारलेलेच नसते. तेव्हा विचारा. "सिद्धार्थ कॉलेजपाशी थांबणार का? दोन शब्द सांगणार का?" चांगला गाईड आनंदाने थांबेल. गट लहान असण्याचा हाच तर उपयोग आहे.

या बाबतीत एक चांगला पायंडा सरकारी पातळीवर पडला आहे. डिसेंबर २०२२ मध्ये राज्याच्या पर्यटन संचालनालयाने महापरिनिर्वाण दिनाच्या सुमारास बाबासाहेबांच्या जीवनाशी निगडित स्थळांची मोफत सहल मुंबईत काढली. चैत्यभूमी, राजगृह, परळची बीआयटी चाळ, सिद्धार्थ महाविद्यालय अशी ठिकाणे तिच्यात होती. नाशिक आणि नागपूरसाठीही अशा सहली आखल्या गेल्या. पाहुणे येण्याच्या महिनाभर आधी अशी सहल निघणार आहे का, नावे कुठे नोंदवायची, याची चौकशी घरातल्या शिकत्या मुलामुलींना करायला सांगा. जागा मोजक्या असणार, त्यामुळे ऐन वेळी धावपळ करून उपयोग नाही.

कोणाला मानवते, कोणाला नाही

पाहुणा म्हणून सगळे सारखे नसतात. म्हणून आम्ही सरसकट हो किंवा नाही म्हणत नाही.

तरुण, शिकलेली, दोन तास चालू शकणारी पाहुणे मंडळी असतील, त्यांना हिंदी समजत असेल आणि घरात शहराची माहिती असलेले कोणी नसेल, तर गाईडची लहान गटाची सहल खुशाल करू द्या. पहिल्याच दिवशी करू द्या. एकदा शहराची दिशा समजली की पुढचे दोन दिवस ती आपली आपण फिरू शकतात आणि तुमचे खाडे वाचतात. पहिल्या दिवशी केलेला खर्च पुढे असा वसूल होतो.

गुडघे दुखणारी वडीलधारी माणसे, तान्ह्या मुलांच्या आया, औषधाच्या वेळा पाळणारे, यांना दोन-तीन तासांची पायी सहल सोसत नाही. गट लहान असला तरी त्याची चाल सगळ्यांनी मिळून ठरवलेली असते; एका म्हातारीसाठी अकरा अनोळखी माणसे थांबली की तिलाच अवघडल्यासारखे होते. त्यांच्यासाठी एका वेळी एकच ठिकाण, आणि बसायला भरपूर वेळ.

ज्यांच्या हातात एकच दिवस आहे, त्यांनीही सहलीच्या नादी लागू नये. ५ आणि ६ डिसेंबरला दादर भागात माणसांचा महासागर असतो. त्या दिवशी फक्त चैत्यभूमी आणि शिवाजी पार्क. शहर पाहायचे तर ७ तारखेनंतर.

पैसे भरण्यापूर्वी एवढे विचारा

१. गटात जास्तीत जास्त किती माणसे? पंधराच्या वर गेले तर तो लहान गट नव्हे.

२. गाईड मराठी बोलणार का? त्याच्याकडे पर्यटन खात्याचे ओळखपत्र आहे का?

३. चालणे किती? बसायला जागा किती ठिकाणी? शौचालय कुठे कुठे?

४. प्रवेशाची तिकिटे, बोटीचे भाडे, जेवण हे सांगितलेल्या पैशांत धरले आहे की वेगळे?

५. सहल जिथे सुरू होते तिथेच संपते का? दुसरीकडे संपत असेल तर पाहुण्याला कोण घेऊन येणार?

६. वार कोणता? घारापुरी आणि कान्हेरीची लेणी सोमवारी बंद असतात.

७. येणे रद्द झाले तर पैसे परत मिळतात का? लेखी पावती मिळते का?

आणि एक धोक्याची खूण लक्षात ठेवा. 'एका दिवसात संपूर्ण मुंबई' असे कोणी म्हणाले तर तिथे पाहण्यापेक्षा पळणेच जास्त होणार.

आपलाच लहान गट

आता आम्हांला सुचलेला उपाय सांगतो. डिसेंबरात वस्तीत एकाच घरी पाहुणे येत नाहीत. चार-पाच घरी मिळून दहा-बारा माणसे सहज होतात. म्हणजे लहान गट तर आपल्या दारातच तयार आहे. कमी आहे ती सांगणाऱ्याची. ती जागा वस्तीतल्या एखाद्या वाचत्या मुलाने किंवा मुलीने घ्यावी. कॉलेजात जाणारी आपली कितीतरी मुले-मुली शहर अंगठ्यावर जाणतात. त्यांनी आठवडाभर आधी वाचून तयारी करावी, एकदा स्वतः त्या रस्त्याने फिरून यावे आणि मग पाहुण्यांना घेऊन जावे. बरोबर एक मोठे माणूस असावे. पाच घरांचे पाच खाडे होण्यापेक्षा एकाचाच खाडा होईल, आणि त्याची भरपाई सगळ्यांनी वाटून घ्यावी. मुलालाही त्याच्या दिवसाचे पैसे द्यावेत. माहिती सांगणे हेही काम आहे, फुकटात करून घेऊ नये.

पहिला दिवस असा ठेवता येईल : मेट्रोने टर्मिनस, वर सांगितलेल्या रस्त्याने सिद्धार्थ महाविद्यालय, हुतात्मा चौक, ओव्हल मैदानावरून न्यायालय आणि राजाबाई टॉवर, मग गेटवे. घरून आणलेले डबे सावलीत बसून खायचे. दुपारी चर्चगेटहून दादर. पूर्वेला हिंदू कॉलनीत राजगृह आहे. बाबासाहेबांनी आपल्या ग्रंथांना जागा हवी म्हणून बांधलेले घर, ही गोष्ट मुलांना जरूर सांगावी. तळमजल्यावर त्यांच्या वापरातल्या वस्तूंचे संग्रहालय आहे. शेवटी पश्चिमेला चैत्यभूमी. ७ डिसेंबर १९५६ रोजी जिथे अंत्यसंस्कार झाले, तिथला हा स्तूप १९७१ मध्ये उभा राहिला.

परळच्या बीआयटी चाळीत जायचे तर एक पथ्य पाळा. पहिल्या क्रमांकाच्या चाळीत, दुसऱ्या मजल्यावरच्या ५० आणि ५१ नंबरच्या खोल्यांत १९१२ ते १९३४ एवढा काळ बाबासाहेबांचे बिऱ्हाड होते. राजर्षी शाहू महाराज त्यांना भेटायला इथे आले होते. पण चाळ म्हणजे माणसांची राहती घरे. धारावीत परदेशी पाहुण्यांना फिरवणाऱ्या लहान गटांनीही फोटो न काढण्याचा नियम घालून घेतला, तो याच कारणाने. आपल्या खोलीत कोणी अनोळखी माणसाने डोकावून फोटो काढला तर आपल्याला कसे वाटेल? तेव्हा दोन-चारच्या संख्येने जा, विचारून वर चढा, हळू बोला.

दुसऱ्या दिवशी दक्षिणेकडे जायचे कारणच नाही. आपल्या उपनगरांत जे आहे, ते पाहायला जगभरातून माणसे येतात. अंधेरी पूर्वेला कोंडिवटे येथे महाकाली लेणी म्हणून ओळखली जाणारी बौद्ध लेणी आहेत. अर्ध्या दिवसाचे काम, म्हाताऱ्यांना झेपेल असे. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात कान्हेरीची शंभराहून अधिक लेणी आहेत. तिसऱ्या क्रमांकाच्या मोठ्या चैत्यगृहाच्या ओसरीत दोन बाजूंना बुद्धाच्या प्रचंड उभ्या मूर्ती आहेत. डोंगरातले पाणी वाहून नेणारे पाट आणि टाक्या पाहून गावचा शेतकरी आपणहून बोलू लागतो, त्याला कोणी समजावून सांगावे लागत नाही. नव्वदाव्या लेण्यात पहलवी भाषेतले लेख आहेत. इ.स. १००९ आणि १०२१ मध्ये पारशी मंडळी लेणी पाहायला आली, त्यांनी आपली नावे कोरून ठेवली. हजार वर्षांपूर्वीही माणसे गटाने स्थळे पाहायला येत होती तर! मात्र आज भिंतीला खडूसुद्धा लावू नका, हे मुलांना बजावून सांगा.

गोराईचा विपश्यना पॅगोडा ८ फेब्रुवारी २००९ रोजी खुला झाला. आत एकही खांब नसलेल्या घुमटाखाली आठ हजार माणसे बसू शकतात. बोरिवलीहून गोराई खाडीची बोट करून जाता येते, त्या बोटीचेच मुलांना जास्त अप्रूप. आणि खुद्द वर्सोवा? संध्याकाळी जेट्टीवर जा. कोळ्यांच्या होड्या, वाळत घातलेले बोंबील, मढला जाणारी फेरी बोट. किनाऱ्यावर ऑक्टोबर २०१५ पासून अफरोज शाह यांनी लोकांना घेऊन कचरा उचलायला सुरुवात केली आणि मार्च २०१८ मध्ये तिथे कासवाची पिल्ले समुद्राकडे जाताना दिसली, ही गोष्ट सांगत वाळूत बसा. कामावरून आल्यानंतर घरधन्याला आणि घरधनिणीलाही तेवढा वेळ देता येतो. याला ना गाईड लागतो, ना खाडा.

शेवटी पाहुण्यालाच विचारा

हे सगळे ठरवण्यापूर्वी एक साधी गोष्ट करा. पाहुण्याला विचारा, "तुम्हांला काय पाहायचे आहे?" आपण त्यांच्यासाठी परस्पर बेत आखतो आणि त्यांच्या मनात भलतेच काही असते. कोणाला समुद्र पाहायचा असतो, कोणाला विमान उतरताना पाहायचे असते, कोणाला तीस वर्षांपूर्वी गिरणीत कामाला आलेल्या भावाची चाळ शोधायची असते. त्या चाळीपर्यंत कोणतीही सहल जात नाही. तिथे आपणच गेले पाहिजे.

सहल चांगली झाली की नाही, हे गावी परतल्यावर समजते. पाहुणा पारावर बसला आणि शेजाऱ्याने विचारले, "काय पाहिलेस मुंबईत?" तेव्हा वीस ठिकाणांची नुसती नावे घेण्यापेक्षा तीन ठिकाणांची गोष्ट त्याला नीट सांगता आली, तर पैसे आणि पाय दोन्ही सत्कारणी लागले असे समजावे. या डिसेंबरात आपल्या शेजारच्या चार घरी विचारून पाहा, त्यांच्याकडे कोण कोण येणार आहे ते.